कॉम्प्युटरचा फॉर्म

१३ नोव्हेंबर १९७८, सोमवार

कॉम्प्युटर! सकाळी चहा घेता घेता सुमंगलानं जाहीर करून टाकलं — बारावीनंतर तिला कॉम्प्युटर शिकायचाय. डॉक्टर नाही, डी.एड. नाही, नर्स तर नाहीच नाही. मी म्हटलं, बरं. बरं म्हणण्याखेरीज काय म्हणणार! चोवीस वर्षं मास्तरकी झाली, पण ही वस्तू काय खाते आणि कुठे निजते, मला ठाऊक नाही.

"कुठं बगितलंस ते?" मी विचारलं. बघितलेलं नाहीच! दिवाळीआधी त्यांच्या कॉलेजची सहल परभणीच्या शेतकी विद्यापीठात गेली होती. तिथं एका साहेबानं भोकं पाडलेली कार्डं दाखवली. कापसाचे आकडे त्या भोकांत भरतात म्हणे, आणि मुंबईला पाठवतात. तिथलं यंत्र बेरजा करून देतं. एक रद्दी कार्ड ही घेऊन आलीय आणि फिजिक्सच्या पुस्तकात जपून ठेवलंय.

"अण्णा, ते मशीन आपल्या मनानं कायीच करत न्हाई. जे सांगितलं तेवढंच करतंय. उत्तर चुकलं तर आपलंच कुठंतरी चुकलेलं असतंय." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं. रुख्मिणी चुलीपाशी होती. म्हणाली, "तितं साडी नेसून गेलं तर चालतंय का?"

१५ नोव्हेंबर

गोविंदरावांकडे गेलो. सेलूत गणिताचे एवढे एकच रिटायर मास्तर, ज्यांना अजून गणिताचा कंटाळा आलेला नाही. सुमंगलाला वर्षभर फुकट शिकवतायत. त्यांच्या घरात आम्हाला पाणी द्यायला सूनबाई अजून वेगळा पेला काढतात. गोविंदरावांना ते माहीत नसावं. किंवा असावं. पण पोरीला शिकवण्यात माणूस हातचं राखत नाही, हे खरं.

"लिंबाजीराव," ते म्हणाले, "हा विषय बी.एस्सी.त आहे की इंजिनिअरिंगमध्ये, की कॉमर्समध्ये, मलाच उलगडा होत नाही. आपण पत्रंच टाकू." बसून अकरा पत्रं लिहिली. पुणे, मुंबई, औरंगाबाद, हैदराबाद, आणखी कुठं कुठं. पत्ते जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून काढले. पहिल्या ओळीत 'कॉम्प्युटर' लिहायचं, दुसऱ्या ओळीत 'माहितीपत्रक', आणि तिसऱ्या ओळीत विचारायचं की मुलींना घेता का.

१९ नोव्हेंबर, रविवार

मेहुणा आला होता — पंडित, रुख्मिणीचा धाकटा भाऊ. रेल्वेत मालधक्क्यावर कारकून आहे, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळतं. कॉम्प्युटरचं नाव ऐकलं आणि तो भाकरी हातात धरून तसाच बसला.

"दाजी, येड लागलंय का तुमाला? त्याच मशीनच्या नावानं आमी सिकंदराबादला गेटवर बोंबा मारल्यात! ते आलं की पन्नास कारकून घरी!"

"मग जो ते मशीन चालवायला शिकंल, तो तर घरी न्हाई ना जायचा?" सुमंगला म्हणाली.

 पंडित पुन्हा भाकरीकडे वळला. मला मात्र दिवसभर दोन्ही बरोबर वाटत राहिलं. पोरीनं असं काही शिकावं का, ज्यामुळे मामासारख्या कारकुनांच्या चुली बंद होतील? आणि न शिकावं, तर मशीन यायचं थांबणार आहे का?

२५ नोव्हेंबर

उत्तरं यायला लागली. एक टायपिंगच्या क्लासचं — 'आमच्याकडे आधुनिक यंत्रे आहेत.' एक रेडिओ दुरुस्तीचं. हैदराबादहून एकानं घरबसल्या कॉम्प्युटर शिकवायचं कळवलंय, बारा पुस्तकं पोस्टानं, आणि शेवटी सर्टिफिकेट! यंत्र कुठं आहे याचा उल्लेख नाही. सुमंगला म्हणाली, पोहायचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारायची का?

पुण्याच्या एका संस्थेचं खरंखुरं माहितीपत्रक आलंय. गुळगुळीत कागद. फीचा आकडा वाचला आणि ते घडी घालून ठेवून दिलं. रुख्मिणीनं किती म्हणून विचारलं. म्हटलं, छपाई चांगली आहे.

२८ नोव्हेंबर

आज गोविंदरावांनी सगळं समोर मांडून समजावलं. एवढं ऐकूनही डोक्यात खिचडीच आहे, म्हणून इथं उतरवून ठेवतो.

औरंगाबादचं सरकारी इंजिनिअरिंग. जवळ. महाराष्ट्र सरकार आम्हा बौद्धांना सवलत देतं, म्हणजे फी माफ, राखीव जागा. मार्क पाहता सुमंगला तिथं नक्की बसते. पण कॉम्प्युटर नाही! वीज आहे, इमारती आहेत, यंत्रं आहेत. तिला हवं ते नाही.

मुंबई-पुण्याचे खाजगी वर्ग. कॉम्प्युटर आहे, पण आपल्या खिशाचं काम नाही.

आणि तिसरं — केंद्र सरकारच्या आय.आय.टी. देशात फक्त पाच. कानपूरला नुकताच कॉम्प्युटरचा स्वतंत्र वर्ग निघालाय म्हणे. मोठी परीक्षा, सगळी इंग्रजीत. आमची पोरगी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. पण तिथंही मागासवर्गीयांना राखीव जागा आहेत, परीक्षेतही थोडी सूट, फी माफ, जेवणाखाण्यालाही मदत. "राखीव यादीतून ही आत जाईल," गोविंदराव म्हणाले. "मी लिहून देतो. ओपनमधून म्हणाल तर रुपयात दोन आणे."

घरी येऊन रुख्मिणीला सांगितलं. तिला कानपूर म्हणजे काय ते माहीत नाही, पण औरंगाबाद नको एवढं पक्कं. या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली, ते तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. "लांब जाऊ द्या," म्हणाली. "जितं हिला कोन वळखत न्हाई तितं जाऊ द्या."

ठरलं तर मग. कानपूर!

२ डिसेंबर

फॉर्म आला. गोविंदरावांच्या पुतण्यानं मुंबईहून धाडला. शेवटची तारीख ३० डिसेंबर.

दुपारी त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसून एकेक ओळ वाचत होतो. सुमंगला पेन्सिलीनं कच्चं भरत होती. धर्म — बौद्ध. वडिलांचा धर्म — तोच. पुढं सवलतीचा रकाना आला आणि त्याखाली बारीक अक्षरातली सूचना. गोविंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अहो, हे काही निराळंच दिसतंय."

केंद्र सरकारच्या यादीत अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असावा लागतो. नाहीतर शीख. बौद्ध झाला की तो त्या यादीतून बाहेर! महाराष्ट्र सरकार सवलत देतं, दिल्लीचं देत नाही. एकाच देशात, एकाच माणसाला!

म्हणजे जात सोडली म्हणून जातीची सवलत गेली. पण या पावसाळ्यात घरं पेटवायला जे आले, त्यांना कुणी सांगितलं होतं का की यांची जात गेलीय म्हणून? मी मोठ्यानं बोलत होतो बहुतेक. गोविंदराव खाली मान घालून बसले. सुमंगला पेन्सिलीचं खोडत होती. काय खोडतेस विचारलं तर म्हणाली, स्पेलिंग चुकलं होतं.

४ डिसेंबर

पंडितला गाठलं. तो तर खो खो हसला.

"दाजी, आता कळलं का? मी रेल्वेत कसा लागलो मंग? कागदावर हिंदू महार! कागद सरकारचा, बुद्ध आपला." त्याच्या घरात शिरलं की समोर बुद्धाचा हा मोठा फोटो आहे. पोरांना रोज वंदना म्हणायला लावतो. पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र हिंदू. "तुमालाच लय हौस हुती बगा. पोरीच्या रजिस्टरात काय लिव्हलंय?"

काय लिहिलंय ते मला बघायची गरज नाही. मीच लिहिलंय! सत्तावन्न मुलांची शाळा, ताडकळसच्या पुढं तीन मैलांवर सावरवाडीत, मी तेव्हा तिथं मुख्याध्यापक. सदुसष्ट सालच्या जूनमध्ये सुमंगलाला पहिलीत घातलं. जनरल रजिस्टरमध्ये माझ्या हातानं 'बौद्ध' लिहिलं. शाळेच्या त्या रजिस्टरात एकदा जे पडतं ते जन्मभर पुढं पुढं जात राहतं, हे मास्तरला सांगावं लागत नाही.

"मंग जाऊन बदला," पंडित म्हणाला. "तुमचीच शाळा, तुमचंच अक्षर."

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात मला बोलायला सांगितलं. म्हणालो, घरात एक आणि कागदावर एक, असं आपल्यात चालायचं नाही. टाळ्या पडल्या. पंडित मागं बसला होता, त्यानंही वाजवल्या.

९ डिसेंबर, शनिवार

एक दिवसाची रजा टाकली आणि सावरवाडीला जाऊन आलो.  रुख्मिणीला सांगितलं, जुनी ओळखीची माणसं बघून येतो.

ताडकळसला उतरलो तर बाजार भरलेला. हरभऱ्याची भाजी घेऊन सुलाबाई बसली होती. आठ-नऊ वर्षांत म्हातारी झाली. "आरं देवा, गुरुजी!" म्हणून उठलीच. सावरवाडीच्या आमच्या वस्तीतली, तिचा उद्धव सुमंगलाबरोबरच शाळेत आला होता. आठव्या वर्षी घातला होता त्याला, ओढून आणावं लागायचं. पण एकदा बसला की उठायचा नाही.

"काय करायलाय उद्धव?"

"परभणीच्या मोंढ्यात हमाली करायलाय. धाव्वी पास झाला हो! रेल्वेच्या भरतीला बी गेल्ता. धावला, उड्या मारल्या, पेपर लिव्हला, समदं झालं. शेवटाला सायबानं कागद बगितला अन् म्हनला, तुजं यात बसत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याचं डोस्कंच कमी, गुरुजी. तुमी तर लय शिकवलं."

आणि दोन पेंढ्या भाजी माझ्या पिशवीत घातली. पैसे घेतले नाहीत.   मी भाजीची पिशवी घेऊन तीन मैल चालत गेलो.

शाळेत आता दत्तराव म्हणून तरुण मुख्याध्यापक आहे. चांगला पोरगा आहे, मला खुर्ची सोडून दिली. रजिस्टर काढलं. पानावर बोट फिरवलं आणि बघतच राहिलो. एकाखाली एक बारा नावं. बारा वेळा 'बौद्ध'. निळी शाई, माझं टपोरं अक्षर. आमच्या वस्तीतली त्या वर्षीची सगळी पोरं! तिसऱ्या ओळीवर सुमंगला, सातव्यावर उद्धव.

त्या जूनमध्ये मी घरोघर फिरलो होतो. आधीचे मास्तर सरसकट हिंदू महार लिहायचे. मी म्हणालो, नाही, दीक्षा घेतलीय तर तसं लिहायचं. उद्धवचा बाप तेव्हा जिवंत होता. त्यानं एकट्यानंच विचारलं होतं, "गुरुजी, पोराचं कायी नुसकान तर व्हायचं न्हाई ना?" मी म्हणालो, नुकसान कसलं त्यात! मला कुठं माहीत होतं? खरंच माहीत नव्हतं. पण विचारून बघायला हवं होतं. शिकलेला मी होतो, तो नव्हता.

दत्तरावला सगळं सांगितलं. त्यानं ड्रॉवरमधून ब्लेड काढून माझ्यापुढं ठेवलं. खाडाखोड कशी करायची हे मास्तरांना ठाऊकच असतं, जन्मतारखा काय कमी बदलल्यात आम्ही! "अक्षर तुमचंच हाय, गुरुजी. मी बाहीर जाऊन घंटा देतो." आणि गेला.

ब्लेड हातात घेतलं. पण कागद जुना, पिवळा पडलेला. बारांतलं एकच खरवडलं तर तिथं पांढरा डाग पडणार. वर दोन बौद्ध, खाली नऊ बौद्ध, आणि मधे मास्तरची लेक तेवढी हिंदू! कोणीही बघितलं तर विचारेल. मग बाराही खरवडायची? कोणाला विचारून?

रजिस्टर मिटलं. मोठेपणा वगैरे नाही. हात भीतीनंच थांबला, आणि भीती गेल्यावर लाज वाटली, एवढंच. घरी रुख्मिणीनं भाजी निवडली. म्हणाली, कवळी हाय.

१० डिसेंबर

काय करावं सुचत नाही. बदललं तर खोटं, नाही बदललं तर पोरीचं नुकसान. फॉर्म गणिताच्या वहीत तसाच पडलाय.

१२ डिसेंबर

आज सुमंगलाला सगळं सांगून टाकलं. सावरवाडी, ब्लेड, रजिस्टर. उद्धवचंही सांगितलं. मला वाटलं होतं, स्वतःच्या फॉर्मचं विचारेल.

"म्हंजे उद्धवदादाचं डोकं कमी न्हवतं?"

"न्हाई."

"मग सुलामावशीला सांगितलं का तुमी?"

"न्हाई."

ती उठली आणि भांडी घासायला बसली. घासून झालेली भांडी पुन्हा घासली.

१४ डिसेंबर

पोरगी बोलत नाही. विचारलं तेवढ्याला हूं करते. रुख्मिणी मात्र बोलते! "लिवा की हिंदू. हिंदूच हुतो की आपन छप्पनपातुर. पोट भरल्यावर बुद्ध कुटं पळून जायलाय?" मी खवळलो. म्हटलं, बुद्ध काय खुंटीला टांगायची पिशवी आहे? ती म्हणाली, "तुमचं काय जातंय. नवकरी लागलेली हाय तुमाला."

१७ डिसेंबर, रविवार

आज आपण होऊन जवळ आली. "अण्णा, मी ओपनमधून भरते. सवलतीच्या रकान्यात नको म्हणून लिहिते."

म्हटलं, विचार कर. रुपयात दोन आणे म्हणालेत गोविंदराव. "मला म्हाईत हाय. मला लय वाईट वाटायलंय, तुमी समजू नका की न्हाई म्हणून. मला तिथं जायचंच हाय. पण एकाच पानावरची आमी दोघं. त्याला जे भेटलं न्हाई, ते मी खोडून कसं घेऊ?" आणि मग रडली. एवढी रडली की रुख्मिणी धावत आली आणि मलाच ओरडली.

पण मी! मला काय वाटलं ते इथं लिहायला हरकत नाही. छाती फुगली. माझी लेक! मी पेरलं ते उगवलं म्हटलं. आठ दिवस जे ओझं होतं ते हलकं झालं. त्या बारा नोंदी एकदम पुन्हा सुंदर दिसायला लागल्या.

गोविंदरावांना सांगितलं. त्यांनी गणिताचं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाले, "उद्यापासून दोन तास जास्त बसायचं, बेटा." मार्कांवर आत गेली तर गरिबीची शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यासाठी बापाच्या नोकरीचा आणि पगाराचा दाखला जोडावा लागेल. म्हटलं, बुधवारीच आणतो. हिलाही घेऊन जातो परभणीला.

२० डिसेंबर, बुधवार

जिल्हा परिषदेत गेलो. शिक्षण खात्यात बन्सीधर आहे. चोपन्न साली आम्ही एकाच दिवशी मास्तर म्हणून लागलो, पुढं तो कारकून झाला. सुमंगलाला बघून खूष झाला. चहा मागवला. दाखला लिहायला माझी सेवापुस्तिका काढली आणि एकेक मजकूर मोठ्यानं वाचत उतरवायला लागला.

"लिंबाजी सटवाजी. जन्म एकतीस. धर्म हिंदू, जात महार..."

सुमंगला त्याच्या खांद्यामागंच उभी होती.

बन्सीधर थांबला. "आता गं! मग तुमी इतकं कशाला हैराण व्हायलाव? बापाची नोंद हिंदू हाय. याची नक्कल देतो. तेवढ्यावर पोरीचं सर्टिफिकेट निघंल की! अगदी कायद्यात बसतंय."

मी घाईघाईनं म्हणालो, ते जुनं असेल. जुन्या हैदराबाद राज्याच्या शिक्षण खात्यातलं उतरवून घेतलेलं. दीक्षेच्या आधीचं.

"न्हाई हो." त्यानं पान माझ्याकडं फिरवलं. "हे बासष्टचं. जिल्हा परिषद झाली तवा नवी पुस्तकं भरून घेतली न्हाई का आपल्याकडनं? हे बगा, तुमचंच अक्षर, तुमचीच सही."

टपोरं अक्षर. निळी शाई.

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. खोटं. विसरलो नव्हतो. दरसाल वेतनवाढीला ते पुस्तक समोर येतं, मी शेवटच्या पानावर सही करतो आणि पहिलं पान उलटून बघत नाही. या वहीतही कधी लिहिलं नाही. बासष्ट साली आम्ही रांगेत उभे होतो. मागचा कोणीतरी म्हणाला, बौद्ध लिहिणाऱ्यांची नावं वर साहेबांकडं जाणार आहेत, बघा. दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती. सुमंगला वर्षाची होती. आत गेलो आणि 'हिंदू' लिहिलं. एवढंसं काम ते! आणि पाच वर्षांनी सावरवाडीत घरोघर जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना बौद्ध करत फिरलो. त्यांच्या नावापुढं धीट झालो. माझी नोकरी हिंदूच्या खात्यावर सुरक्षित होती.

बन्सीधरनं नक्कल दिलीच. सुमंगलानं ती घेतली, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. गाडीत खिडकीशी बसली. पेडगाव गेल्यावर एकच विचारलं.

"उद्धवदादाच्या बापानं तुमाला इचारलं होतं, तवा तुमी त्यान्ला सांगितलं होतं का, तुमच्या पुस्तकात काय हाय?"

"न्हाई."

पुढं सेलू येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

२१ डिसेंबर

शाळेत गेलो. हजेरी घेतली. आलो.

२३ डिसेंबर

पंडितला बातमी पोचली. "दाजी, तुमी तर आमच्यापरीस हुशार निघालाव!" असं म्हणून पाठीवर थाप मारली. त्याला खरंच आनंद झालाय, तेच जास्त लागलं. भाचीचं काम झालं असं तो धरून चाललाय. रुख्मिणीही. तिनं कानपूरला थंडी किती असते ते शेजारी विचारून ठेवलंय.

सुमंगलानं फॉर्म आपल्याकडं घेतलाय. म्हणाली, "आता माझा मी भरते." ओपनचं बोलत नाही, नकलेचंही बोलत नाही. मीही विचारत नाही. खरं लिहू का? तिनं ती नक्कल वापरावी असं मला वाटतंय. वापरली तर मान खाली जाईल, तरी वापरावी. तिला तिथं जायचंय. ती त्या यंत्रापुढं बसलेली मला बघायचीय. आणि लगेच वाटतं, असं वाटणारा हा माणूस कोण? सहा तारखेला विहारात बोलला तो कोण होता?

काही कळेनासं झालंय. तिला समजवावं म्हणून दोनदा उठलो. काय समजवायचं तेच ठरेना, म्हणून बसलो.

२६ डिसेंबर, मंगळवार

फॉर्म भरून माझ्यापुढं ठेवला. शाईनं. पालकाची सही हवी होती.

अर्जदाराचा धर्म — बौद्ध. राखीव सवलत — नको. वडिलांचा धर्म — हिंदू.

"अण्णा, यात कायी चुकलंय का?"

म्हटलं, न्हाई. 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं छापलं होतं, त्याखाली सही केली.